उगवणीची टक्केवारी

वनरोपवाटिकेच्या नोंदवहीत प्रत्येक झाडाच्या नावापुढे बी पेरल्याची तारीख, पेरलेल्या बियांचे वजन, पहिला कोंब दिसल्याची तारीख आणि शेवटी उगवणीची टक्केवारी असे रकाने असतात, आणि तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याची नजर बहुधा या शेवटच्या रकान्यावर जाऊन थांबते. शंभर बियांपैकी किती बियांतून रोप उभे राहिले हे सांगणारा हा आकडा नव्वदच्या घरात असला तर रोपवाटिका चांगली, तिसाच्या आसपास रेंगाळला तर बी वाईट नाही तर माळी कामचुकार, असा सरळ हिशेब मांडला जातो. या हिशेबात एक गोष्ट न बोलता धरून चाललेली असते, ती ही की ओल मिळताच उगवणे हेच बीचे काम आहे. शेतातल्या बियाण्यापुरते ते बऱ्याच अंशी खरे असले, तरी रानातल्या झाडांच्या बिया गोळा करण्यात, पाखडण्यात आणि पेरण्यात ज्याची वर्षे गेली त्याला ते हळूहळू पटेनासे होते. कारण रानातल्या बीचे निम्मे कसब उगवण्यात आणि निम्मे अवेळी न उगवण्यात असते, आणि टक्केवारीचा रकाना या दुसऱ्या कसबाची नोंद अपयश म्हणूनच करतो.

बी म्हणजे काय, हे रोपवाटिकेत नव्याने आलेल्या मजुराला समजावून सांगायचे तर पुस्तकापेक्षा स्वयंपाकघर जवळचे पडते. बिरड्यासाठी कडवे वाल रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणल्यावर ते सोलताना जी साल बोटांतून निसटते ते बीजावरण, म्हणजे बीचे बाहेरचे संरक्षक वेष्टन. आत हाताला लागणाऱ्या दोन जाडसर फाका म्हणजे दलिका, ज्यांत रोपाच्या पहिल्या काही दिवसांची शिदोरी साठवलेली असते. फाकांच्या सांध्यातून बाहेर आलेला पांढरा मोड म्हणजे आदिमूळ, ज्याला सगळे कोंब म्हणत असले तरी ते खरे तर पहिले मूळ असते. आणि त्याच सांध्यात मिटून बसलेले, निरखून पाहिल्यासच दिसणारे चिमुकल्या पानांचे जोडपे म्हणजे प्रांकुर, ज्यातून पुढे खोड आणि पाने येतात. डाळिंब्या सोलणाऱ्या बाईच्या हाताखालून अशी संपूर्ण रोपे शेकड्यांनी जातात, फक्त तिला ती मोजायची नसतात.

ही रचना फुलात तयार होते. फुलाच्या अंडाशयात बीजांडे असतात. परागकण कुक्षीवर, म्हणजे फुलातील मादी अवयवाच्या चिकट टोकावर पडला की त्यातून एक नलिका निघून बीजांडापर्यंत पोचते आणि तिच्यातून दोन पुंयुग्मके, म्हणजे नर प्रजननपेशी, आत उतरतात. त्यांपैकी एकीचा अंडपेशीशी संयोग होऊन भ्रूण, म्हणजे भावी रोप, तयार होते, तर दुसरी बीजांडाच्या मध्यभागी असलेल्या दोन केंद्रकांशी मिळते आणि त्यातून भ्रूणपोष, म्हणजे भ्रूणाला पोसणारी ऊती, निर्माण होते. सपुष्प वनस्पतींतील हे द्विफलन सर्गेई नवाशिन या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने 1898 मध्ये दाखवून दिले. वालात आणि आंब्यात ही शिदोरी भ्रूणाने आधीच पचवून दलिकांत भरून घेतलेली असते. नारळात आणि ज्वारीत ती वेगळी राहते, म्हणून शहाळ्यातले पाणी व खोबरे आणि ज्वारीच्या पिठाचा बहुतेक भाग हा भ्रूणपोषच असतो. चुलीपुढे भाकरी थापली जाते ती ज्वारीच्या न जन्मलेल्या रोपाच्या वाट्याची, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही. दुसऱ्या संयोगाचा व्यावहारिक अर्थही लक्षात घेण्यासारखा आहे: भ्रूण तयार होण्याची खात्री पटल्याशिवाय झाड शिदोरीवर खर्च करीत नाही. सायकससारख्या जुन्या वंशातील झाडांत ही तरतूद फलनाच्या आधीच होऊन बसते, आणि फलन झाले नाही तर ती वाया जाते.

वाल भिजत घालणाऱ्या प्रत्येकीला आणखी एक गोष्ट ठाऊक असते. पातेल्याच्या तळाशी चार-दोन दाणे रात्रभर पाण्यात राहूनही खड्यासारखे टणक राहतात, आणि निवडून काढले नाहीत तर जेवताना नेमके दाताखाली येतात. त्या दाण्यांत दोष काहीच नसतो. त्यांच्या बीजावरणातील पेशींचा बाहेरचा थर इतका घट्ट बसलेला असतो की पाण्याला आत वाट मिळत नाही. शिंबावंत कुलात, म्हणजे शेंगा धरणाऱ्या झाडांच्या कुळात, हा गुण सर्रास आढळतो. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या एकसारखे भिजणारे आणि एकदम उगवणारे दाणे निवडत वालाला त्यातून जवळजवळ सोडवले आहे. बाभळीला सोडवायला कोणी गेले नाही, त्यामुळे तिथे असे दाणे अपवाद नसून नियम आहेत.

बाभळीच्या शेंगा, मण्यांच्या माळेसारख्या चिमटलेल्या, उन्हाळ्यात पिकून गळतात. त्यांतले बी काढून तसेच वाफ्यात पेरले तर पंधरवड्यानंतरही बहुतेक बिया घातल्या होत्या तशाच सापडतात, म्हणून रोपवाटिकेत पाणी खळखळून उकळायचे, भांडे चुलीवरून उतरवायचे, बुडबुडे बसू द्यायचे आणि मग त्यात बी टाकून रात्रभर निवू द्यायचे, अशी रीत आहे. ही रीत कागदावर सोपी दिसते, पण पाणी उतरवून किती थांबायचे यात सगळी मेख आहे. घाई केली तर बी शिजते, उशीर झाला तर कवच जसेच्या तसे राहते. सकाळी फुगलेल्या आणि न फुगलेल्या बिया वेगळ्या करताना अनुभवी बायका डोळ्यांपेक्षा बोटांवर अधिक भरवसा ठेवतात.

या सगळ्या उठाठेवीला एक जुना पर्याय आहे, तो म्हणजे शेळी. शेळ्या दिवसा बाभळीखालच्या शेंगा मिटक्या मारीत खातात आणि रात्री वाड्यात बसून रवंथ करताना त्यातल्या टणक बिया तोंडातून बाहेर टाकतात, तर काही लेंड्यांतून पडतात. सकाळच्या झाडलोटीत या बिया कोपऱ्यात साचतात, आणि शेंगा फोडून काढलेल्या बियांपेक्षा त्या बऱ्या उगवतात हे धनगरवाड्यावर कोणीही सांगते. रोपवाटिकेने असे बी मागवले की उकळत्या पाण्याचा खटाटोप बराचसा वाचतो. हे एकदा ध्यानात आले की रोपवाटिकेतली बहुतेक प्रक्रिया निराळी दिसू लागते: उकळते पाणी हे शेळीच्या पोटाचे सोंग असते, घासकागदावर बी घासणे हे ओढ्यातल्या वाळूचे, आणि गर धुऊन काढणे हे पाखराचे. झाडाने ज्या वाटसरूची अपेक्षा धरून बी घडवले, त्याच्या गैरहजेरीत माणूस त्याची भूमिका करीत असतो, आणि ती त्याला तितकीशी जमत नाही.

मात्र शेळीने चावलेल्या बियाही एका दमात उगवत नाहीत. काही पहिल्या आठवड्यात येतात, काही महिन्याने, काही पुढच्या वर्षी. नोंदवहीला याचा त्रास होतो, पण देशावरच्या पावसाची सवय असलेल्या माणसाला यातले शहाणपण समजायला वेळ लागू नये. मृगात दोन चांगल्या सरी होतात, शेतकरी पेरतो, सगळे बी चार दिवसांत वर येते, आणि आर्द्रा कोरडी गेली की सगळेच्या सगळे करपते. त्यानंतर उसनवारीने दुबार पेरणी. बाभूळ दुबार पेरणीचे आणि तिबार पेरणीचेही बी पहिल्याच हप्त्यात जमिनीत टाकून ठेवते, फक्त त्याला वेगवेगळ्या जाडीची कुलपे घालते. बी जिवंत आहे, ओल आहे, ऊब आहे, तरी ते उगवत नाही या स्थितीला शास्त्रात सुप्तावस्था म्हणतात.

सागाची तऱ्हा याहून गुंतागुंतीची आहे. रोपवाटिकेत ज्याला सागाचे बी म्हणतात ते खरे तर फळ असते: बाहेर फुग्यासारखा कागदी संवर्त, म्हणजे फुलाचे बाहेरचे हिरवे वेष्टन वाढून झालेला पापुद्रा, त्याच्या आत मखमलीसारखा तपकिरी थर, त्याच्या आत हाडासारखी टणक अठळी, आणि अठळीत चार कप्पे, ज्यांतले एक-दोनच बहुधा भरलेले असतात. ही फळे हिवाळ्यात पिकतात, म्हणजे पाऊस अजून चार-पाच महिने दूर असतो, आणि एखाद्या अवकाळी सरीला भुलून उगवलेले रोप मे महिना पाहू शकत नाही. म्हणून साग थांबतो. ताज्या फळांपेक्षा वर्षभर ठेवलेली फळे अधिक भरवशाची, असे जाणकार सांगतात ते याचमुळे. तरीही पेरण्यापूर्वी फळे गोणपाटात भरून रात्री पाण्यात बुडवायची, दिवसा खळ्यावर उन्हात पसरायची, पुन्हा रात्री बुडवायची, असा क्रम आठ-दहा दिवस चालवावा लागतो. वळवाची एक सर, मग ऊन, मग दुसरी सर, असे बरेचदा झाले म्हणजे पाऊस खरोखरच आला, अशी सागाची समजूत असावी, आणि गोणपाट उचलणारे मजूर ती समजूत पटवून देत असतात. एवढे करूनही गादीवाफ्यात कोंब येतात ते आठवडेच्या आठवडे, तुकड्या-तुकड्यांनी. जी रोपे येतात ती वर्षभराने उपटून, वीतभर सोटमूळ आणि बोटाच्या पेरभर खोड ठेवून छाटली जातात, आणि ही सागजडी पुढच्या पावसाळ्यात पहारीच्या भोकात रोवली जाते.

थांबणाऱ्या बियांची सवय झालेल्या हाताकडून न थांबणाऱ्या बियांचे नुकसान होते. प्रस्तुत लेखकाच्या उमेदवारीच्या काळात, एका रोपवाटिकेत, निंबोळ्यांची पोती पत्र्याच्या गोदामात थप्पी लावून ठेवली गेली, कारण पिशव्या भरण्यासाठी पोयट्याचा ट्रॅक्टर आला नव्हता आणि साग वर्षभर टिकतो तर कडुनिंब महिनाभर का टिकू नये, असा विचार कोणाच्या तरी, बहुधा लेखकाच्याच, मनात होता. तीन आठवड्यांनी थप्पी उघडली तेव्हा पोत्यांतून वाफ निघत होती आणि आंबूस वास येत होता. चाकूने बिया आडव्या कापून पाहिल्या तर जिवंत निंबोळीच्या दलिकांचा हिरवा रंग मोजक्याच बियांत उरला होता, बाकीच्या पिवळट किंवा तपकिरी पडल्या होत्या. सगळे बी पेरले गेले, पण वाफ्याने चाकूचाच निकाल कायम केला.

कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही. कडुनिंबाची फळे पिकतात ती पावसाच्या तोंडावर. जांभूळ, फणस आणि आंबा यांचेही तसेच. ज्याचे फळ पडते आणि आठवड्याभरात जमीन भिजते, त्या झाडाला बी सुकवून, कुलूप लावून ठेवण्याचे कारणच नसते. त्यामुळे या बिया ओलसर, श्वास घेणाऱ्या, जवळजवळ जागत्या अवस्थेतच झाडावरून उतरतात. जास्त पिकलेला फणस फोडला तर कधीकधी आतल्या आठळीला मोड आलेला दिसतो, आणि खाडीकाठच्या कांदळात तर बी फळातून सुटण्याआधीच आईच्या फांदीवर वीतभर वाढते, कारण भरती-ओहोटीच्या चिखलात रुजायला मिळणारा वेळ तासांत मोजावा लागतो. वाळवून अतिथंड जागी वर्षानुवर्षे ठेवता येणाऱ्या बियांना 1973 मध्ये ई. एच. रॉबर्ट्स यांनी ऑर्थोडॉक्स, म्हणजे सनातनी, तर वाळवल्या की मरणाऱ्या बियांना रिकॅल्सिट्रंट, म्हणजे हट्टी, असे नाव दिले. कडुनिंबाचे बी या दोहोंच्या मधले मानले जाते. दिल्लीच्या राष्ट्रीय जनुकपेढीत शून्याखाली 18 ते 20 अंशांवर ज्वारी, बाजरी, कडधान्ये यांची बियाणी ठेवलेली असतात. आंब्याची कोय आणि फणसाची आठळी त्या कपाटात ठेवता येत नाही, त्यांना जपायचे तर झाड म्हणूनच जपावे लागते. हट्टी हे नाव मात्र चुकले आहे असे वाटते. उगवायला तयार असलेल्या बीला हट्टी म्हणायचे आणि वर्षानुवर्षे ढिम्म बसणाऱ्या बीला सनातनी, यात पेढीतल्या कपाटाची सोय दिसते, बीचा स्वभाव दिसत नाही.

शेतातील पिकांकडे या बाजूने पाहिले की माणसाने त्यांच्याकडून काय काढून घेतले हे कळते. भुईमुगाच्या पसरी वाणांच्या शेंगांत सुप्तावस्था असते, पण लवकर येणाऱ्या उपट्या वाणांतून ती जवळपास नाहीशी झाली आहे, म्हणून काढणीच्या वेळी पाऊस लांबला की उपट्या भुईमुगाच्या शेंगा जमिनीतच उगवतात आणि शेतकऱ्याच्या हाती मोड आलेले दाणे लागतात. कोकणात ऑक्टोबरच्या पावसात आडव्या पडलेल्या भाताला लोंबीवरच कोंब येतात, तीही याच देवघेवीची किंमत. पेरले की एकसाथ उगवावे ही सोय घेतली, त्याबरोबर वाट पाहण्याची जबाबदारी बीकडून माणसाकडे आली. ती ज्यांनी पेलली त्यांत बायकाच अधिक: राखेत घोळून गाडग्यात भरलेली कडधान्ये, शेणात थापून भिंतीला लावलेल्या भोपळ्याच्या बिया, कडुनिंबाचा पाला घातलेल्या कणग्या, ही सगळी बीला बाहेरून चढवलेली सुप्तावस्थाच होती. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान वाणांची अशी बियाणे बँक उभी केल्याबद्दल 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा या कामाकडे शहराचे लक्ष गेले.

बी थांबू शकते, तसे ते चालूही शकते, आणि बीसंकलनाच्या कामात या दुसऱ्या गुणाचा अनुभव पायमोज्यांवर येतो. दिवाळीनंतर माळरानावरून चालत आलेल्या माणसाच्या कपड्यांत कुसळीचे दाणे अडकलेले असतात. त्यांतला एक काढून ओल्या तळहातावर ठेवला तर त्याची पीळदार काळसर शेपटी हळूहळू उलगडू लागते आणि दाणा स्वतःभोवती फिरतो. वाळला की पुन्हा पीळ भरतो. दाण्याचे टोक सुईसारखे असते आणि त्यावरचे ताठ केस मागे वळलेले असतात, त्यामुळे दहिवराने ओले आणि उन्हाने कोरडे होत होत तो मातीत पुढे सरकतो, मागे येऊ शकत नाही. मेंढीच्या कातडीतही तो याच रीतीने शिरतो, म्हणून धनगर या गवताला शिव्या देतात. आघाडा चिकटतो, सावरीचा कापूस उडतो, तेरड्याची बोंडे हात लागताच फुटून बी उडवतात, ही उदाहरणे शाळेच्या पुस्तकांतून पुरेशी माहीत झालेली आहेत. उंबर मात्र वेगळा. त्याची फुले न दिसण्यावरून भाषेत वाक्प्रचार झाला, पण प्रत्येक उंबर म्हणजे आत वळलेल्या शेकडो फुलांचा गुच्छच असतो, आणि चिलटाएवढी एक ठरावीक गांधीलमाशी आत शिरून परागण करते तेव्हा कुठे त्यात बी धरते. त्याचे खसखशीपेक्षा लहान बी वाफ्यात पेरून रोपे काढण्याचे प्रयोग रोपवाटिकेत अनेकदा फसतात, आणि मग मजूर पडक्या वाड्यांच्या भिंतींतून व विहिरींच्या चिऱ्यांतून पाखरांनी लावलेली रोपे हळुवार उपटून आणतात. टक्केवारी काढायची तर ती भिंतीची काढावी लागेल.

वेळ साधण्याचा सगळ्यात मोठा व्यवहार सह्याद्रीच्या उतारांवर कारवी करते. सात-आठ वर्षे ती नुसती पाने धरते, कुडाच्या भिंतींसाठी काठ्या पुरवते, आणि मग एका पावसाळ्याअखेर डोंगराचा आख्खा उतार एकदम निळा-जांभळा होतो. त्यानंतर बोंडे धरतात, वाळतात आणि मेलेल्या काठ्यांवर तशीच राहतात. पुढच्या पावसाच्या सरींनी ती भिजली की तडतड फुटतात आणि बी नेमके ओल्या जमिनीवर उडते. एरवी ओलाव्याने कुजणारी गोष्ट इथे ओलाव्यानेच उघडते. इतकी वर्षे थांबून सगळ्यांनी एकाच वेळी बी देण्याचा फायदा कशात असावा याचे एक उत्तर डॅनिएल जान्झेन यांनी 1976 मध्ये बांबूच्या संदर्भात मांडले: बी खाणारे किडे, उंदीर आणि पाखरे मधल्या दुष्काळात थोडीच उरतात, आणि एकाएकी आलेला सुकाळ संपवणे त्यांच्या आवाक्याबाहेर जाते. मिझोरममध्ये सुमारे 48 वर्षांनी बांबू फुलतो तेव्हा उंदीर माजतात आणि बी संपल्यावर भाताकडे वळतात. 1959 च्या फुलोऱ्यामागून तिथे दुष्काळ आला, आणि त्यानंतरचा फुलोरा 2007 च्या सुमारास आला. विदर्भातील कटांग बांबूही चाळीसेक वर्षांनी एकदा फुलून मरतो, त्यामुळे एका वनमजुराच्या नोकरीत त्याचे बी गोळा करण्याची संधी आली तर एकदाच येते.

बीच्या सहनशक्तीची मर्यादा किती, हे तपासण्यासाठी विल्यम बील यांनी 1879 मध्ये अमेरिकेतील मिशिगन येथे 21 जातींच्या प्रत्येकी 50 बिया वाळूत मिसळून अशा 20 बाटल्या जमिनीत पुरल्या, आणि ठरावीक वर्षांनी एकेक बाटली उकरण्याचे काम त्यांच्यामागून आलेल्यांनी चालू ठेवले. 2021 मध्ये, 142 वर्षांनी काढलेल्या बाटलीतील काही बियाही उगवल्या. उगवणीची नोंद किती दिवसांनी बंद करावी या प्रश्नाला या प्रयोगाने अडचणीत आणले आहे.

रोपवाटिकेत ती नोंद ठरलेल्या मुदतीनंतर बंद होते. एका वर्षी सागाच्या दोन गादीवाफ्यांत मुदत संपेपर्यंत जेमतेम तिसांच्या वर टक्केवारी गेली, रकाना भरला गेला, आणि जागा मोकळी हवी म्हणून वाफे उपसून माती न उगवलेल्या फळांसकट कुंपणाकडेला ढिगाने टाकली गेली. पुढच्या आषाढात त्या ढिगावर खरखरीत पानांची सागाची रोपे उभी होती, टाकळ्याच्या गर्दीतही चटकन ओळखू येणारी, आणि त्याच्या पुढच्या वर्षी त्यांच्या सावलीत आणखी काही आली. मुकादमाने ती मोजली. मूळ पेरणीच्या पानावर ती लिहिता येईनात, कारण त्या पानाखाली सही होऊन गेली होती, म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर, फुटलेल्या झाऱ्या आणि उरलेल्या पिशव्या यांच्याखाली, ‘किरकोळ’ या सदरात त्याने ती चढवली.